वशिला न चालणारी पेटी

फ्रान्सच्या दक्षिणेला, काळा डोंगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रांगेच्या पायथ्याशी मझामे नावाचं गाव आहे. ऑस्ट्रेलिया-अर्जेंटिनाहून मेंढ्यांची कातडी आणायची, धुवायची आणि त्यावरची लोकर उतरवायची, या धंद्यावर हे गाव मोठं झालं. गुरुवारी, 17 मे 1973 रोजी ठरल्या वेळी इशारा झाला आणि गावातली माणसं होती तिथे रस्त्यावर आडवी झाली. शाळेतली पोरं, कारखान्यातले कामगार, दुकानदार, म्हातारी माणसं, कडेवरच्या लेकरांसकट आया. कोणी पालथं, कोणी उताणं, कोणी कुशीवर. वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं आणि त्यातला कॅमेरा एकेका गल्लीवरून फिरत होता. चौक, पूल, बाजारपेठ, जिथे पाहावं तिथे न हलणारी माणसं.

मझामेची लोकसंख्या तेव्हा 16,610 होती. आदल्या वर्षी, म्हणजे 1972 साली, फ्रान्सच्या रस्त्यांवर जवळजवळ तेवढीच माणसं मेली होती.

कल्पना मिशेल तोरियाक या पत्रकाराची. छापलेला आकडा कोणाच्या काळजाला भिडत नाही, म्हणून तो गावाच्या रूपात दाखवायचा, असं त्याने ठरवलं. सरकारी दूरचित्रवाणीवरून ही दृश्यं घराघरांत गेली. रस्ता सुरक्षेसाठी खास नेमलेले पहिले अधिकारी क्रिस्तियाँ झेरोंदो यांना जे नियम आणायचे होते, त्यांना या चित्राने मोठं बळ दिलं. दीड महिन्याच्या आत, 1 जुलै 1973 पासून, शहराबाहेरच्या रस्त्यांवर वेगमर्यादा आली आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्यांना पट्टा सक्तीचा झाला. त्याच हिवाळ्यात तेलाचं संकट आलं आणि मर्यादा आणखी खाली आल्या.

त्या आकड्याविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या काळी फ्रान्समध्ये अपघातानंतर सहा दिवसांच्या आत दगावलेला माणूसच अपघाती मृत्यू म्हणून मोजला जाई. सातव्या दिवशी रुग्णालयात ज्याने प्राण सोडले, तो या हिशेबात नव्हता. 2005 पासून तिथे तीस दिवसांची आंतरराष्ट्रीय पद्धत लागू झाली. त्या मापाने 1972 चा आकडा 18,034 होतो. म्हणजे अख्खं मझामे आडवं झालं तरी माणसं कमीच पडली होती. (यापुढचे आकडे या तीस दिवसांच्या मापाने दिले आहेत.)

इथून पुढची वीस-पंचवीस वर्षं हळूहळू उताराची. रस्ते सुधारले, गाड्या बळकट झाल्या, दारू पिऊन चालवणाऱ्यांची तपासणी सुरू झाली. 1992 साली परवान्यावर गुणांची पद्धत आली. प्रत्येक गुन्ह्याला गुण कापले जाणार आणि गुण संपले की परवाना जाणार. ट्रकवाल्यांनी त्या उन्हाळ्यात देशभरचे रस्ते अडवून धरले, तरी पद्धत टिकली. मृत्यू कमी होत गेले, पण 2001 सालीही 8,162 माणसं गेली. शेजारच्या ब्रिटनची लोकसंख्या साधारण तेवढीच असून तिथे याच्या निम्म्याहून कमी मृत्यू होत होते. गाड्या त्याच, पेट्रोल तेच, रस्ते तर फ्रान्सचे जास्त ऐसपैस. मग फरक कुठे होता?

फरक दंडाच्या पावतीत होता. पावती फाटत होती, पण वसूल होईलच याची खात्री नव्हती. फ्रेंच भाषेत ‘दंड उडवणं’ असा चक्क वाक्प्रचार आहे. पोलिसाने पकडलं, कागद लिहिला, हाती दिला. घरी आल्यावर माणूस विचार करायचा, आपल्या ओळखीत कोण आहे? मेव्हण्याचा मित्र ठाण्यात आहे, भाऊजी नगरपालिकेत आहेत, आमदाराचा सचिव वर्गातला आहे. मग एक फोन जायचा आणि कागद कुठेतरी विरून जायचा. हे चोरूनही होत नसे. जेवणाच्या टेबलावर लोक ते अभिमानाने सांगत, आपली पोच किती आहे हे दाखवायला. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ‘ओळखलं नाहीस का मला?’ हे वाक्य कुठल्याही चौकात ऐकू येतं.

याहून मोठी गोष्ट राष्ट्राध्यक्षांच्या माफीची. पाचव्या प्रजासत्ताकात प्रथा पडली होती की नवा अध्यक्ष निवडून आला की संसद माफीचा कायदा करणार आणि वाहतुकीचे किरकोळ दंड पुसून टाकणार. 1981, 1988, 1995, दर वेळी हेच. परिणाम काय व्हायचा, ते कोणीही ओळखेल. निवडणूक जवळ आली की लोक दंड भरायचं थांबवायचे. गाडी हवी तिथे लावायची, हवी तशी हाकायची. काही महिन्यांचा प्रश्न, मग सगळं माफ. अख्ख्या देशाला ठाऊक होतं की कायदा अमुक महिन्यापर्यंत झोपलेला असणार. रस्त्यावर वेगमर्यादेचा फलक होता, पण त्या फलकामागे कोणी उभं नव्हतं.

यंत्राचा प्रश्न कधीच नव्हता, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. वेग पकडणारं यंत्र युरोपात केव्हाच आलेलं होतं. त्याचा जनक मॉरिस गात्सोनिडेस हा डच माणूस मोटारशर्यतींतला नामवंत चालक. जन्म 1911 चा, जावा बेटावरचा. 1953 साली त्याने माँटे कार्लो रॅली जिंकली. वळणावर आपली गाडी नेमक्या किती वेगाने जाते ते कळलं तर आणखी जोरात जाता येईल, म्हणून त्याने वेळ मोजायचं साधन बनवलं. रस्त्यावर आडव्या रबरी नळ्या टाकायच्या. पहिल्या नळीवर चाक आलं की घड्याळ सुरू, दुसरीवर आलं की बंद. 1958 साली त्याने यासाठी कंपनी काढली, पुढे नळ्यांच्या जागी रडार आलं, आणि जोरात जाण्यासाठी जन्मलेलं यंत्र जगभरच्या पोलिसांच्या हाती गेलं. 1992 पासून लंडनच्या रस्त्यांवर त्याच्या पेट्या उभ्या राहिल्या. फ्रान्समध्येही रडार होतंच. झुडपाआड पोलीस बसायचे. समोरून येणारे चालक हेडलाइट उघडझाप करून एकमेकांना सावध करायचे. ही खूण आपल्या घाटांतही चालते, हे सांगायला नको.

यंत्र वेग पकडत होतं, पण पकडल्यानंतरचं सगळं माणसाच्या हाती होतं. थांबवणं, लिहिणं, पाठवणं, आणि वरून फोन आला तर विसरणं. फ्रान्सने 2003 साली या साखळीतल्या कड्या तोडल्या. माझ्या मते त्या देशाचं खरं काम तेच. पेटी उभी करणं हा त्यातला सोपा भाग होता.

14 जुलै 2002 हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस. अध्यक्ष जाक शिराक पुन्हा निवडून येऊन दोन महिने झाले होते. सकाळी शाँझेलीझेवर उघड्या गाडीतून संचलनाची पाहणी करताना गर्दीतल्या एका तरुणाने त्यांच्या दिशेने बंदूक झाडली. लोकांनीच त्याला धरलं, शिराक बचावले. दुपारी अध्यक्षीय प्रासादाच्या बागेत नेहमीची दूरचित्रवाणी मुलाखत ठरल्याप्रमाणे झाली. तीत त्यांनी आपल्या कारकिर्दीची तीन मोठी कामं जाहीर केली: कर्करोगाशी लढा, अपंगांचं जगणं सुकर करणं आणि रस्त्यावरचे मृत्यू रोखणं. अध्यक्षाच्या तोंडी परराष्ट्र धोरण, अर्थकारण, सैन्य यावं अशी अपेक्षा असते. तिथे रस्त्यावरच्या मरणाला पहिल्या तिघांत जागा मिळाली.

शिराक स्वतः नोव्हेंबर 1978 मध्ये कोरेझमधल्या बर्फाळ रस्त्यावर गाडी घसरून जबर जखमी झाले होते आणि पॅरिसच्या कोशँ रुग्णालयात बरेच दिवस पडून होते. त्यावरून 2002 ची गोष्ट उलगडू पाहण्याचा मोह होतो, पण मला त्यात अर्थ वाटत नाही. रुग्णालयात पडलेले पुढारी सगळ्याच देशांत असतात. घोषणेनंतर त्यांनी काय केलं, ते जास्त बोलकं आहे. त्याच ऑगस्टमध्ये माफीचा कायदा आला, पण आजवरचा सर्वांत आखूड. पार्किंगसारखे दंड तेवढे माफ झाले, जिवाशी खेळणारे गुन्हे वगळले गेले. सप्टेंबरमध्ये सगळ्या संबंधितांना एकत्र बसवून चर्चा झाली.

मग 28 नोव्हेंबरची रात्र आली. लोरियोल या गावाजवळच्या महामार्गावर एका अपघाताच्या मदतीला गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांना भरधाव आलेल्या गाडीने चिरडलं. पाच तरुण गेले. दुसऱ्याचा जीव वाचवायला गेलेली पाच पोरं. देश हादरला. 12 जून 2003 च्या कायद्यात रस्त्यावरच्या हिंसेविरुद्धची कलमं कडक झाली. ‘रस्त्यावरची हिंसा’ हे शब्द कायद्याच्या नावातच आहेत. तोवर ज्याला नशीब म्हणत, त्याला कायद्याने हिंसा म्हटलं.

त्याच कायद्याने कॅमेऱ्याची वाट मोकळी केली. गाडी ज्याच्या नावावर आहे, दंड त्याच्याकडे जाणार. गाडी दुसरा कोणी चालवत होता तर त्याचं नाव द्यायचं, चोरीला गेली होती तर तक्रारीचा पुरावा द्यायचा. म्हणजे आता पोलिसाने गाडी थांबवायची गरज उरली नाही, आणि थांबवायची गरज गेली तशी हुज्जतीची, मिनतवारीची, ओळख काढण्याचीही संधी गेली.

27 ऑक्टोबर 2003 रोजी पॅरिसच्या दक्षिणेला, एसोन जिल्ह्यातल्या ला व्हिल-द्यु-ब्वा या गावात, राष्ट्रीय मार्ग 20 च्या कडेला पहिल्या स्वयंचलित रडारचं उद्घाटन झालं. गृहमंत्री निकोला सार्कोझी आणि वाहतूक मंत्री झील द रोबियाँ हजर होते. पाहायला काहीच नाही. रस्त्याच्या कडेला कमरेच्या थोडी वर येणारी, करड्या रंगाची लोखंडी पेटी, समोर जाड काचा. 1 नोव्हेंबरपासून दंड सुरू झाले. तो सर्व संतांचा दिवस. फ्रेंच माणसं त्या दिवशी फुलं घेऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर जातात आणि रस्ते गाड्यांनी भरून वाहतात.

पेटीचं काम असं. रस्त्याशी तिरका कोन साधून रडारच्या लहरी जातात, गाडीवर आपटून परततात, परतताना त्यांची कंपनसंख्या बदललेली असते, त्या फरकावरून वेग निघतो. यंत्राची चूक गृहीत धरून ताशी 100 किलोमीटरच्या आत 5 किलोमीटर आणि त्यापुढे पाच टक्के सूट देतात. त्यावर वेग असेल तर झगमगाट होतो आणि फोटो निघतो. फोटो कुलूपबंद रूपात राष्ट्रीय केंद्राकडे जातो. हे केंद्र पुढे रेन शहरात स्थिरावलं. तिथे नंबरपाटी वाचली जाते, मालकाचा पत्ता निघतो, पाकीट बंद होऊन टपालात पडतं. ला व्हिल-द्यु-ब्वाच्या ठाण्यातल्या फौजदाराला यातलं काही कळतही नाही. त्याला फोन करून उपयोग काय? त्याच्या हातात कागदच नाही.

पाकिटासोबत फोटो येत नाही. फोटो हवा तर वेगळा मागायचा, आणि मिळतो त्यात शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा झाकलेला असतो. सरकारला वेग हवा होता, कोणाच्या घरात भांडण लावायचं नव्हतं. ही बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाळत ठेवणारं यंत्र उभं करताना त्याला काय पाहायची परवानगी नाही, हेही त्याच वेळी ठरवलं गेलं.

दंड 135 युरो. पंधरा दिवसांत भरला तर 90, मुदत उलटली तर 375. थोडक्या किलोमीटरने मर्यादा ओलांडणाऱ्यांना शहराबाहेर 68 असा हलका दर नंतर आला. आणि आक्षेप घ्यायचा असेल तर आधी रक्कम जमा करायची, जिंकलात तर परत. हा शेवटचा नियम अनेकांना जाचक वाटला, आजही वाटतो. गरिबाला दाद मागणं त्याने अवघड झालं, ही तक्रार मला खरी वाटते. पण दंड न भरता नुसता लोंबकळत ठेवायची वाट त्याने बंद केली, हेही तितकंच खरं.

2002 साली 7,655 मृत्यू झाले होते. 2003 साली 6,058 झाले. एका वर्षात 1,597 माणसं कमी मेली, वीस टक्क्यांहून जास्त घट. मझामेनंतरच्या तीस वर्षांत असं क्वचितच घडलं होतं. पण वर्षातले पहिले जवळजवळ दहा महिने तर देशात एकही स्वयंचलित पेटी उभी नव्हती. उरलेल्या दोन महिन्यांत अख्ख्या देशात मोजक्याच होत्या. मग वेग कमी कोणी केला?

येऊ घातलेल्या पेटीने. लोरियोलनंतरच्या हिवाळ्यात देशाला कळून चुकलं की या वेळी सरकार मागे हटणार नाही. माफी आखडली, कायदा येतोय, यंत्रं येताहेत, आणि त्या यंत्रांपुढे कोणाचा मेव्हणा चालणार नाही. दंडाची रक्कम मोठी असण्यापेक्षा दंड चुकणार नाही ही खात्री माणसाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलते. फ्रान्समध्ये ती खात्री पेटीच्या आधी पोचली. पेट्यांनी मग ती खोटी पडू दिली नाही. नुसती घोषणा असती तर सहा महिन्यांत लोकांनी तिचा फुगा फोडला असता.

पुढची वर्षं भराभर सांगता येतील. पेट्या शेकड्यांनी वाढल्या, लवकरच हजारावर गेल्या. 2006 साली मृत्यू पाच हजारांच्या खाली आले. 2007 साली अध्यक्ष झालेल्या सार्कोझींनी माफीची प्रथा मोडली आणि ती पुन्हा आली नाही. 2010 साली 3,992 मृत्यू झाले. आठ वर्षांत जवळपास निम्मे. या काळात फ्रान्समधल्या गाड्यांचा सरासरी वेग सुमारे दहा टक्क्यांनी उतरला. गोरान निल्सन या स्वीडिश संशोधकाने मांडलेलं गणित असं, की सरासरी वेग एक टक्का उतरला तर मृत्यू चारेक टक्क्यांनी उतरतात. कारण ताशी 100 ऐवजी 120 ने जाणारी गाडी वीस टक्के जास्त वेगात असली तरी धडकेतली तिची ताकद 44 टक्के जास्त असते. लोखंड वाकतं, बरगड्या मोडतात, त्या या हिशेबाने. सगळं श्रेय कॅमेऱ्याचं नाही. गाड्यांत हवेच्या उशा आल्या, दारूवरची करडी नजरही होतीच. पण वेग उतरला तो पेट्यांमुळे, यावर तिथल्या अभ्यासकांचं बरंचसं एकमत आहे.

पळवाटाही निघाल्या. पेटी दिसली की ब्रेक, पेटी मागे पडली की पुन्हा जोर. गुण कापले जाऊ नयेत म्हणून कधीमधीच गाडी चालवणाऱ्या आजीचं नाव द्यायचं. कंपनीच्या गाडीचा दंड कंपनीने भरायचा आणि चालकाचे गुण शाबूत. दुसऱ्याच्या गाडीचा नंबर आपल्या गाडीवर लावायचा, म्हणजे पाकीट भलत्याच निरपराध घरी. सरकारने एकेक वाट बुजवली. 2012 पासून दोन खांबांमधला सरासरी वेग मोजणारी यंत्रं आली, त्यामुळे खांबापुरता ब्रेक निरुपयोगी ठरला. 2017 पासून चालकाचं नाव कळवणं कंपन्यांना बंधनकारक झालं.

लोकांचा राग मात्र विझला नाही. ‘ही सुरक्षा नव्हे, सरकारचा गल्ला आहे’ हे वाक्य फ्रान्समध्ये पहिल्या दिवसापासून ऐकू येतं. त्याला उत्तर म्हणून बहुतेक स्थिर पेट्यांच्या आधी फलक लावलेले होते: पुढे स्वयंचलित तपासणी आहे, तुमच्या सुरक्षेसाठी. गल्ला भरायचा असता तर आधी सांगितलं कशाला असतं? 2011 साली हे फलक काढायचा निर्णय झाला तेव्हा सत्ताधारी पक्षाचेच खासदार उठले आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. तरीही दंडाचे कोट्यवधी युरो कुठे जातात, किती रस्त्यांवर आणि किती कर्ज फेडण्यात, हा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर लोकांना पटेल इतक्या सोप्या भाषेत फारसं कोणी दिलं नाही.

तो राग 2018 साली फुटला. पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी 1 जुलैपासून दुभाजक नसलेल्या ग्रामीण रस्त्यांवरची मर्यादा 90 वरून 80 वर आणली. शरद ऋतूत डिझेलवरच्या कराची वाढ समोर आली. 17 नोव्हेंबरला पिवळी जाकिटं घातलेली माणसं चौकाचौकांत उभी राहिली. ही मोठ्या शहरांतली माणसं नव्हती. गावात राहणारी, बस-ट्रेन नसल्याने रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी हाकत कामावर जाणारी, महिनाअखेरीला हात आखडणारी माणसं होती. पॅरिसमध्ये मेट्रोने फिरणाऱ्यांनी आपला वेग ठरवला, असं त्यांना वाटलं. त्यांच्या दुःखाला तोंड नव्हतं, म्हणून ते रस्त्याकडेच्या पेटीवर निघालं. पेट्यांच्या काचा रंगवल्या गेल्या, पेट्यांवर पोती चढली, कित्येक जाळल्या गेल्या. जानेवारी 2019 मध्ये गृहमंत्री क्रिस्तोफ कास्तानेर यांनी सांगितलं की देशातल्या जवळपास साठ टक्के पेट्यांवर हल्ला झाला आहे.

फेब्रुवारी 2019 मध्ये रस्त्यांवरचे मृत्यू आदल्या फेब्रुवारीपेक्षा सुमारे 17 टक्क्यांनी वाढले. एका महिन्याच्या आकड्यावरून सिद्धान्त मांडू नये, हवामानानेही फरक पडतो. पण डोळे गेलेल्या पेट्यांसमोरून त्या महिन्यात गाड्या कशा गेल्या असतील, याची कल्पना करणं अवघड नाही. 80 च्या मर्यादेचा हिशेब नंतर सरकारी अभ्यास संस्थेने मांडला: वीस महिन्यांत त्या रस्त्यांवर 331 जीव वाचले. जाळलेल्या पेट्यांच्या जागी चार मीटर उंच खांबांवरची नवी यंत्रं बसली. त्यांत काही खोकी रिकामीच असतात. आत डोळा आहे की नाही, हे खालून जाणाऱ्याला कळत नाही.

ही कथा मराठीत लिहायचं कारण आपल्या दारात येऊन ठेपलं आहे. 2019 च्या दुरुस्तीने आपल्या मोटार वाहन कायद्यात इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं कलम आलं. 2021 च्या नियमांनी सांगितलं की कॅमेऱ्याआधी ठळक फलक हवा आणि पंधरा दिवसांत नोटीस जायला हवी. जुलै 2024 पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कमानीवरचे कॅमेरे वेग, लेन, सीटबेल्ट टिपू लागले. पुण्याहून दादरला निघालेल्या टॅक्सीत बसून पाहा. कमान दिसली की काटा शंभरच्या आत येतो, कमान मागे गेली की पुन्हा चढतो, आणि चालक आरशातून समजावतो, ‘इथेच फक्त सांभाळायचं असतं, ताई.’ त्याच रस्त्यावर 2016 पासून अडथळ्यांना संरक्षक कठडे, बंद पडलेले ट्रक तातडीने हटवणं, रुग्णवाहिका अशी कामं झाली आणि मृत्यू उतरलेही. कॅमेऱ्याने ते काम पुढे न्यायचं आहे.

पण दुसऱ्या बाजूला थकलेल्या ई-चलानांचा ढीग वाढतो आहे. तेलंगणाने 2022 साली दुचाकींच्या थकीत दंडावर 75 टक्के सूट दिली, कर्नाटकाने 2023 साली निम्मा दंड माफ केला. आपल्याकडे चलानं लोक अदालतीत जातात आणि तडजोडीत रक्कम उतरते. त्यामुळे मोबाइलवर चलानाचा संदेश आला की शहाणा माणूस म्हणतो, थांब, घाई कशाला, सूट येईलच. फ्रान्सची माणसं 1981 साली, 1988 साली, 1995 साली नेमकं हेच म्हणत होती. कॅमेरे कितीही बसवा, त्यानंतरची सूट आणि तडजोड शिल्लक असेल तर आपण पेटी आणली आणि तिचा प्राण मागेच ठेवला, असं होईल. चलान चुकीचं असेल तर ते खोडून काढायची सोपी, बिनपैशाची सोय हवी. बरोबर असेल तर ते पूर्ण भरलं जायला हवं, मंत्र्याचं असो की माझं. आणि आलेला पैसा कुठल्या रस्त्याच्या कुठल्या वळणावर खर्च झाला, ते दरवर्षी छापलं जायला हवं.

मझामेमध्ये त्या दिवशी 16,610 माणसांचं गाव आडवं झालं होतं. 2022 साली महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर 15,224 माणसं गेली.